दोन लॅब, दोन आकडे: वीर्य तपासणीचा डेटा अभ्यासासाठी एकत्र करावा का?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

मूल होत नाही म्हणून तपासणीला येणाऱ्या जोडप्यांतल्या पुरुषांचा अभ्यास आखला जात आहे. व्यवसाय, उष्णतेशी येणारा संबंध (बेकरी, ट्रॉलरचं इंजिन, वेल्डिंग) आणि वीर्याची गुणवत्ता असा विषय आहे. म्हापसा, मडगाव आणि फोंडा इथल्या तीन लॅबचे मागच्या दोन वर्षांचे अहवाल मिळू शकतात. अडचण अशी की त्याच पुरुषाचा अहवाल एका लॅबमध्ये ८० दशलक्ष प्रति मिलि, तर दुसऱ्या लॅबमध्ये ३४ येतो. हालचालीचे आकडेही असेच. प्रश्न दोन आहेत. जुना डेटा एकत्र करून चालेल का? आणि पुढे नवीन नमुने घेताना तिन्ही ठिकाणी नेमकं काय सारखं ठेवायचं? ज्यांनी हे काम हाताने केलं आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

सूक्ष्मदर्शी

जुना डेटा सरसकट एकत्र करू नका. आधी एक सोपी चाचणी करा. प्रत्येक लॅबच्या अहवालांतला शेवटचा अंक मोजा. ४०, ५०, ६०, ८० दशलक्ष, हालचाल ५०%, ६०%, ७०% असेच आकडे ओळीने दिसले तर तिथे मोजणी झालेली नाही, नजरेने अंदाज झाला आहे. खऱ्या मोजणीत शेवटच्या जागी ० ते ९ सगळे अंक जवळपास सारखे पडतात. ज्या लॅबच्या अहवालांत दहापैकी आठ आकडे शून्यावर संपतात, त्यांचा डेटा विश्लेषणात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नंतर कुठलंही सांख्यिकी तंत्र वापरलं तरी तो दुरुस्त होणार नाही.

शेवटचे अंक ठीक दिसले तर लॅबला तीन गोष्टी विचारा. आकारमान (नमुना किती मिलि आहे) कसं मोजता? पातळ किती पट करता आणि कशात? कुठल्या चेंबरमध्ये (ठरावीक खोलीच्या मोजणीच्या काचेत) किती शुक्राणू मोजता? उत्तर ‘स्लाइडवर थेंब ठेवून दहा फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग) बघतो आणि गुणतो’ असं आलं, तर त्या आकड्याचा अभ्यासाला उपयोग नाही. साध्या स्लाइडवर थेंबाची जाडी कव्हरस्लिपच्या वजनावर आणि थेंबाच्या आकारावर ठरते, मग गुणक कुठून आणणार?

आता नवीन नमुन्यांबद्दल, आकारमानापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. डबीवर लेबल आधी चिकटवा, मग रिकामी डबी झाकणासकट ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला आणि वजन डबीवरच लिहा. लेबल झाकणावर नको, झाकणं बदलतात. नमुना आला की पुन्हा तोला. वीर्याची घनता १ ग्रॅम प्रति मिलि धरतात, म्हणजे ग्रॅम तेवढे मिलि. सिरिंजमध्ये ओढून किंवा सिलिंडरमध्ये ओतून मोजलं तर ०.३ ते ०.९ मिलि भांड्याला चिकटून राहतं. २.६ मिलिचा नमुना २ मिलि दिसला आणि संख्या ६७ दशलक्ष प्रति मिलि असली, तर एकूण शुक्राणू १७४ दशलक्षांऐवजी १३४ होतात. मोजणी अचूक असूनही जवळपास पाव भाग गेला.

सूक्ष्मदर्शी

मोजणीचं वेगळ्या प्रतिसादात लिहितो.

नमुना ३७ अंशांवर ठेवा. बहुतेक नमुने १५ मिनिटांत पातळ होतात, काहींना तासभर लागतो. वेळ नमुना दिल्याच्या क्षणापासून धरायची, लॅबमध्ये पोचल्यापासून नव्हे. तपासणी ३० मिनिटांनी सुरू करा, ६० मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका.

आधी ओली स्लाइड करा. १० मायक्रोलिटर थेंब, त्यावर २२ × २२ मिमीची कव्हरस्लिप, म्हणजे जाडी साधारण २० मायक्रॉन मिळते. ४०० पट भिंगाखाली एका फील्डमध्ये १०० हून जास्त शुक्राणू दिसले तर १:२०, म्हणजे ५० मायक्रोलिटर वीर्य आणि ९५० द्रावण. १६ ते १०० दिसले तर १:५, म्हणजे ५० आणि २००. द्रावण घरीच बनतं: सोडियम बायकार्बोनेट ५० ग्रॅम, ३५% फॉर्मेलिन १० मिलि, पाणी १ लिटरपर्यंत. शुक्राणू ठळक दिसावेत म्हणून ०.२५ ग्रॅम ट्रायपॅन ब्लू घालतात.

वीर्य चिकट असतं, म्हणून साध्या हवेच्या पिपेटने ५० मायक्रोलिटर पूर्ण उचललं जात नाही. टिपमध्ये दट्ट्या असलेलं पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पिपेट वापरा आणि टिप बाहेरून पुसून घ्या. दोन पातळ नमुने वेगवेगळे बनवा. एकाच नळीतून दोन चेंबर भरले तर ती दुहेरी मोजणी नव्हे, कारण पिपेटची चूक दोन्हीकडे सारखीच जाते.

इम्प्रूव्ह्ड न्यूबॉअर चेंबरला (चौकटी कोरलेली मोजणीची काच) त्याची जाड झाकणकाच लागते. ती दाबून बसवल्यावर दोन काचांमध्ये इंद्रधनुष्यासारखी रंगीत वलयं दिसली पाहिजेत. वलयं दिसली नाहीत तर खोली ०.१ मिमी नाही, पुढची सगळी मोजणी वाया. नळी १० सेकंद व्होर्टेक्स करून (यंत्रावर घुसळून) लगेच चेंबर भरा, मग ओल्या टिश्यूच्या पेट्रीडिशमध्ये १० ते १५ मिनिटं झाकून ठेवा, शुक्राणू तळाशी बसतात. मधल्या चौकटीच्या २५ घरांत पाच-पाच घरांच्या ओळीने मोजत जा. २०० पूर्ण झाले तरी ती ओळ संपवा. दुसऱ्या नळीने भरलेल्या दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच ओळी मोजा.

उदाहरण: १:२० पातळ, दोन्हीकडे ३ ओळी, २०४ आणि १९८. बेरीज ४०२, फरक ६. फरकाची मर्यादा बेरजेच्या वर्गमुळाच्या १.९६ पट, इथे ३९. मान्य. एका ओळीचं घनफळ २० नॅनोलिटर, म्हणून ४०२ ÷ ६ ÷ २० × २० = ६७ दशलक्ष प्रति मिलि. आकडे २२० आणि १७० असते तर बेरीज ३९०, मर्यादा साधारण ३९ आणि फरक ५०. तेव्हा सरासरी काढायची नाही. दोन्ही नळ्या टाकून नव्याने पातळ करा.

तिसवाडीकर

दोनशेच का? शंभर मोजून वेळ वाचतो असं बऱ्याच ठिकाणी चालतं.

सूक्ष्मदर्शी

@तिसवाडीकर, मोजणीतली चूक संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. ५० मोजले तर साधारण १४%, १०० मोजले तर १०%, ४०० मोजले तर ५%. दोन्ही बाजू मिळून ४०० झाले की चूक ५% वर येते, म्हणून २०० अधिक २००. अभ्यासात दोन गटांमधला फरकच जर १५% असेल, तर १०% चुकीच्या मोजणीत तो बुडून जाईल. वाचलेली दहा मिनिटं फार महाग पडतात.

आंतरूज

मोजणीबद्दल पूर्ण सहमत. हालचालीबद्दल थोडं.

गोव्यात लॅबमध्ये एसी २२ वर असतो, बाहेर ३३. सूक्ष्मदर्शकाचं स्टेज (स्लाइड ठेवायची जागा) तापवलेलं नसेल तर वेगाने पुढे जाणारे शुक्राणू संथ दिसतात आणि ‘वेगवान’ गट रिकामा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य तपासणी पुस्तिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत हालचालीचे पुन्हा चार गट आहेत: वेगाने पुढे जाणारे (२५ मायक्रॉन प्रति सेकंद किंवा जास्त), संथ पुढे जाणारे (५ ते २५), जागच्या जागी हलणारे आणि स्थिर. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत वेगवान आणि संथ एकत्र होते. म्हणून जुन्या अहवालांत हे दोन गट वेगळे सापडणार नाहीत, तुलनेसाठी दोन्हींची बेरीज घ्या. २५ मायक्रॉन डोळ्याने ओळखायचे म्हणजे एका सेकंदात डोक्याच्या लांबीच्या पाचपट किंवा शेपटीच्या निम्मं अंतर. स्टेज, स्लाइड, कव्हरस्लिप, टिप सगळं ३७ अंशांवर. काटा ३७ दाखवतो म्हणून काच ३७ ला असते असं नाही. पातळ तारेचा तापमापक स्लाइडवर टेकवून वर्षातून दोनदा तपासा.

थेंब ठेवला की तो वाहत असतो. वाहणं थांबेपर्यंत थांबा. ६० सेकंदांत थांबलं नाही तर नवी स्लाइड. कव्हरस्लिपच्या कडेपासून ५ मिमी आतच बघा. फील्डमध्ये पोहत येणारे मोजायचे नाहीत, त्या क्षणी चौकटीत असतील तेवढेच. नव्या माणसाच्या हातून हालचाल नेहमी जास्त निघते, कारण नजर हलणाऱ्यावर जाते. आधी पुढे जाणारे मोजा, मग त्याच चौकटीतले बाकीचे. दोन वेगळ्या स्लाइडवर दोनशे-दोनशे, आणि सरासरी ५०% च्या आसपास असताना दोन वाचनांतला फरक १० टक्क्यांच्या आत हवा.

काणकोणची वाट

आमच्याकडचे लोक नमुना घरी देऊन मडगावला आणतात. करमल घाट, बाळ्ळी, कुंकळ्ळी आणि पुढची वाहतूक धरली तर तास सहज जातो. असे नमुने अभ्यासात घ्यावेत का?

आंतरूज

संख्या आणि आकारमानासाठी चालतील, हालचालीसाठी नाही. फॉर्मवर दोन वेळा लिहा, नमुना दिल्याची आणि तपासणी सुरू झाल्याची. ६० मिनिटांच्या पुढच्यांची हालचाल विश्लेषणातून वगळा. आधीपासून तसं लिखित ठरवा, आकडे बघून नंतर ठरवू नका. डबी शर्टाच्या आतल्या खिशात आणायला सांगा. डॅशबोर्डवर नको, स्कूटरच्या डिकीत नको, आणि बर्फाच्या पेटीत तर मुळीच नको. २० ते ३७ अंश ही मर्यादा. ‘तपासणीचा नमुना’ म्हटलं की लोक रक्तासारखा बर्फात घालून आणतात, म्हणून हे वाक्य पत्रकात मोठ्या अक्षरांत हवं. पहिला भाग सांडला असेल तर विचारून नोंद करा, कारण बहुतेक शुक्राणू पहिल्या भागातच असतात. साधा कंडोम चालत नाही, त्याने शुक्राणू मरतात. डबी नवीन कंपनीची असेल तर एक चांगला नमुना अर्धा जुन्या, अर्धा नव्या डबीत ठेवून ४ तास दर तासाला हालचाल बघा, फरक पडू नये.

एवढं करण्यापेक्षा लॅबजवळ एक शांत, आतून कडी लागणारी खोली द्या. अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

ओली स्लाइड

जून ते सप्टेंबरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. शुक्राणूंच्या आकाराच्या तपासणीत गोव्याचा पाऊस दरवर्षी स्वतःची छाप सोडतो.

पहिली गोष्ट दव. एसीच्या खोलीतली थंड स्लाइड दमट हवेत आली की तिच्यावर बारीक पाणी धरतं, डोळ्याला दिसतही नाही. त्या पाण्यावर वीर्य पसरलं की शुक्राणूंना कमी क्षारांचं पाणी लागतं, ते फुगतात आणि शेपट्या गुंडाळतात. मग अहवालात ‘गुंडाळलेल्या शेपट्या ४०%’ येतं आणि बिचाऱ्या माणसाला औषधं सुरू होतात. एखाद्या आठवड्यात सगळ्याच पुरुषांच्या शेपट्या गुंडाळलेल्या दिसल्या तर दोष स्लाइडचा समजा. स्लाइड, वीर्य आणि माणूस एकाच खोलीत, एकाच तापमानावर हवेत. पसरल्यावर त्याच खोलीत वाळवा. हेअर ड्रायर किंवा तापलेली पट्टी नको, डोकी विद्रूप होतात.

दुसरी गोष्ट अल्कोहोल. वाळलेली स्लाइड ९५% इथेनॉलमध्ये निदान १५ मिनिटं. पापानिकोलावच्या रंगवण्याच्या पद्धतीत पुढे हॅरिस हिमॅटॉक्झिलिन ४ मिनिटं, वाहत्या पाण्यात ५ मिनिटं, मग ऑरेंज आणि ईए हे रंग एकेक मिनिट. शेवटी शुद्ध अल्कोहोल, त्यानंतर झायलीन. पावसाळ्यात उघड्या भांड्यातलं शुद्ध अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं. स्लाइड झायलीनमध्ये घातल्यावर दुधासारखा पांढुरका ढग उठला की समजायचं, पाणी आत गेलं. स्लाइड मागे शुद्ध अल्कोहोलमध्ये न्या, ते भांडं ओता, नवीन घ्या. तो ढग तसाच ठेवून माउंट केलं (वर काच कायमची चिकटवली) तर डोक्याच्या कडा पुसट होतात आणि डोक्याचा पुढचा फिका टोपीसारखा भाग दिसतच नाही. मग सगळीच डोकी विकृत ठरतात.

जिवंत-मेलेले ओळखायच्या इओसिन-निग्रोसिन रंगाचं सोपं: ५० मायक्रोलिटर वीर्य, तेवढंच द्रावण, ३० सेकंद, स्लाइड. लाल किंवा गडद गुलाबी डोकं मेलेलं, पांढरं जिवंत. फक्त मान गुलाबी असेल तर जिवंतच धरा. दमट दिवसांत या स्लाइड ओल सुटून पुन्हा खराब होतात, त्याच दिवशी मोजा किंवा वाळल्याबरोबर माउंट करा. पडताळणीसाठी मेलेले आणि हलणारे यांची बेरीज करा. ती १०० टक्क्यांच्या लक्षणीय पुढे गेली तर दोन्हींपैकी एक मोजणी चुकली आहे, मेलेला शुक्राणू पोहत नाही.

भिंगाला बुरशी येते हे सगळ्यांना माहीत आहे. सिलिका जेल निळं आहे की गुलाबी झालं ते रोज बघा.

बायनॅक्युलर

एवढ्या कटकटीपेक्षा तिन्ही लॅबना संगणकी यंत्र, म्हणजे कासा, घेतलं तर? माणसाचा हातच काढून टाकायचा.

सूक्ष्मदर्शी

@बायनॅक्युलर, वेगासाठी यंत्र छान. पण पिपेट, वजन, तापमान, पातळ करणं हे सगळं माणसाच्याच हातात राहतं. दाट नमुन्यात शुक्राणू एकमेकांवर येतात आणि यंत्र त्यांच्या वाटा मिसळतं. फार विरळ नमुन्यात ते कचरा आणि गोल पेशींना शुक्राणू समजतं. शिवाय तीन लॅबमध्ये तीन वेगळ्या सेटिंगची यंत्रं आली तर आजच्यापेक्षा वाईट, कारण तेव्हा आकडे ६७.४३ असे दशांशात येतील आणि कुणी शंका घेणार नाही. आधी न्यूबॉअरवर हात बसू द्या.

सालसेतची संख्याशास्त्र

दोन लॅब जुळतात का हे सहसंबंध गुणांकावरून ठरवू नका. एक लॅब दुसरीच्या नेमकी दुप्पट मोजत असली तरी गुणांक १ येतो. प्रत्येक नमुन्यासाठी दोन लॅबमधला फरक उभ्या अक्षावर आणि सरासरी आडव्या अक्षावर मांडा, ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये सुचवलेली पद्धत. आलेख पंख्यासारखा पसरत असेल तर आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) काढून करा. यासाठी जिवंत नमुना म्हापशाहून मडगावला न्यायची गरज नाही. फॉर्मेलिनच्या द्रावणात पातळ केलेली नळी ४ अंशांवर ठेवून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबला द्या. नळीवर फक्त क्रमांक, पहिल्या लॅबचा आकडा त्यांना दिसता कामा नये. हालचालीसाठी एकच व्हिडिओ तिघांना दाखवा, आकारासाठी त्याच स्लाइड तिघांकडे फिरवा. मी निदान ४० नमुने म्हणेन, कमी, मध्यम, जास्त तिन्ही प्रकारचे.

नंतर दर आठवड्याला जपून ठेवलेला एक ठरावीक नमुना मोजून तक्त्यावर ठिपका मांडा. सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांच्या पलीकडे गेला तर शोध घ्या, तीनच्या पलीकडे गेला तर त्या दिवशीचे अहवाल थांबवा. सलग सात-आठ ठिपके एकाच बाजूला पडत असतील तर मर्यादेत असूनही काहीतरी सरकलं आहे, बहुधा पिपेट.

विश्लेषणात एकूण संख्या उजवीकडे लांब शेपटीची असते. सरासरी न देता मध्यक द्या. शून्य संख्या असलेले पुरुष असतील तर लॉग काढता येत नाही, घनमूळ चालतं. एकाच पुरुषाचे आकडे आठवड्यागणिक खूप बदलतात, म्हणून प्रत्येकाचे शक्यतो दोन नमुने आणि पुरुष हा यादृच्छिक घटक धरून मिश्र प्रारूप (एकाच माणसाचे आकडे एकमेकांशी जोडलेले धरणारं विश्लेषण). संयमाचे दिवस (आधीच्या वीर्यपतनापासून नमुन्यापर्यंतचे) २ ते ७ हवेत, आणि नेमका आकडा प्रारूपात घाला. ‘२ ते ७ मध्ये’ अशी खूण पुरत नाही.

बांबोळीवाट

स्त्रीरोगाच्या बाजूने दोन गोष्टी, कारण हे अहवाल शेवटी आमच्या टेबलावर येतात.

१६ दशलक्ष प्रति मिलि, एकूण ३९ दशलक्ष, एकूण हालचाल ४२%, पुढे जाणारी ३०%, सामान्य आकार ४%, आकारमान १.४ मिलि. या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा. त्या ज्यांच्या जोडीदाराला १२ महिन्यांच्या आत गर्भ राहिला अशा पुरुषांच्या आकड्यांतली पाचवी शतमक आहे. म्हणजे बाप झालेल्या शंभरांतले पाच त्याच्या खालीच होते. अभ्यासात १६ वर रेघ ओढून ‘वंध्य’ आणि ‘सामान्य’ असे दोन गट करू नका. १५ आणि १७ यांत मोजणीच्या चुकीएवढाच फरक आहे. अहवालावरही तसा शेरा नको. तो कागद घेऊन माणूस घरी जातो आणि घरात त्याचं काय होतं हे आम्ही रोज बघतो.

दुसरं, प्रश्नावली. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस, त्यापुढे नळीतून बाहेर यायला आणखी काही. म्हणून मागच्या तीन महिन्यांतला ताप विचारा, डेंग्यू, टायफॉइड, काहीही. उष्णतेचा अभ्यास आणि तापाची नोंद नाही असं होऊ नये. जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं वेगळा प्रश्न करून विचारा, ‘औषधं घेता का’ याला लोक नाही म्हणतात. बाहेरून आलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे मेंदूकडून येणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं बंद होतात आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात.

शून्य लिहिण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी वर (गुरुत्वाच्या ३००० पट) १५ मिनिटं फिरवून तळ बघा, आणि दुसरा नमुनाही घ्या. तळात दोन शुक्राणू सापडले तरी उपचाराची वाट बदलते.

तिसवाडीकर

संमतीपत्राचं कुणी बोललं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिक समितीची मंजुरी लागेल, जुने अहवाल वापरायलाही. संमतीपत्र मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी आणि इंग्रजी अशा चार रूपांत ठेवा. सासष्टीत बऱ्याच जणांना रोमीच सहज वाचता येते, ट्रॉलरवरच्या कामगारांसाठी हिंदी आणि कानडी लागेल. ‘वीर्य’ शब्दाला लाजून भाषांतरात गोलमोल लिहू नका, माणसाला काय द्यायचं ते कळलं पाहिजे.

मांडवीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. शेवटचे अंक मोजले. एका लॅबच्या २१२ अहवालांपैकी १८१ शून्यावर संपतात, त्यामुळे तिचा जुना डेटा घेणार नाही. उरलेल्या दोन लॅबमध्ये आधी ४० नळ्यांची अदलाबदल. एक शंका उरली: चिकट नमुन्यांचं काय करायचं? तिसऱ्या लॅबमध्ये ते टाकून देतात.

सूक्ष्मदर्शी

टाकू नका, नाहीतर अभ्यासातून एक विशिष्ट प्रकारचे पुरुषच गळतील. बोथट १८ गेजच्या सुईतून ६ ते १० वेळा हळू ओढा-सोडा. तरी तार सुटत असेल तर १० युनिट प्रति मिलि ब्रोमेलिनच्या (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) द्रावणात समभाग मिसळून ३७ अंशांवर १० मिनिटं. नंतर संख्येला दोनाने गुणायला विसरू नका, आणि फॉर्मवर ‘ब्रोमेलिन’ लिहा, म्हणजे हे नमुने वगळून विश्लेषण पुन्हा करता येईल.